अपंगांचे खेळ आणि यजमान शहर



कामगार संघटनेतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, महागाईभत्ता किंवा टाळेबंदी यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची अटकळ असते. आज आम्ही ती थोडी चुकविणार आहोत. आजचा विषय अपंगांच्या मोठ्या क्रीडास्पर्धांचा आहे. आणि त्यातही आम्ही खेळाडूंपेक्षा, ज्या शहरात त्या स्पर्धा भरतात तेथल्या माणसांविषयी अधिक बोलणार आहोत. यजमान शहराचे रहिवासी या स्पर्धांकडे कोणत्या नजरेने पाहतात, त्यांच्या वागणुकीत त्यामुळे काही पालट होतो काय, आणि झालाच तर तो किती दिवस टिकतो, हा आमचा प्रश्न आहे. विषय वरवर खेळाचा दिसतो. आमच्या मते तो रस्त्याचा आणि रोजगाराचा आहे. तो तसा का, हेच आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडे. अलीकडे सरकारने 'दिव्यांग' हा शब्द रूढ केला आहे. कुणाला तो आवडतो, कुणाला तो टोचतो. आम्ही जुन्या वळणाप्रमाणे 'अपंग' म्हणतो. त्यात तुच्छता मुळीच नाही. शब्द बदलल्याने माणसाचा मान वाढत असेल तर तो जरूर बदलावा. पण शब्द बदलला आणि पदपथाची पायरी होती तेवढीच उंच राहिली, तर त्या शब्दाचा उपयोग पाट्या रंगविण्यापुरताच समजावा.

शहरात अशी स्पर्धा भरली म्हणजे नाक्यावर, चहाच्या दुकानात आणि बसथांब्यावर जी बोलणी चालतात ती कान देऊन ऐकली, तर त्यांत तीन सूर लागतात. पहिला सूर अभिमानाचा: आपल्या गावात देशोदेशीची माणसे आली, आपले नाव झाले. दुसरा सूर तक्रारीचा: रस्ते बंद, गर्दी, आणि पिण्याच्या पाण्याची बोंब असताना हा खर्च कशाला? तिसरा सूर कणवमिश्रित कौतुकाचा: 'यांना हात नाहीत, पाय नाहीत, तरी हे एवढे करतात, आपण धडधाकट असून काय करतो?' हे वाक्य प्रेमानेच उच्चारलेले असते. पण नीट पाहिले तर बोलणारा त्यात स्वतःविषयीच बोलत असतो. खेळाडूने आपल्याला स्फूर्ती दिली, आपण टाळ्या दिल्या, देणेघेणे मिटले. तो खेळाडू त्या रात्री मुक्कामावर कसा पोहोचला, हे विचारायचे राहूनच जाते.

या तीन सुरांच्या गलबल्यात चौथा सूर ऐकू येत नाही. तो त्याच शहरात राहणाऱ्या अपंग माणसाचा. तोही घरपट्टी भरतो, तोही मत देतो. म्हणजे पाहुण्यांचा यजमान तोही आहे. त्याला या स्पर्धेचे काय वाटते? आजच्या भाषणाचा सगळा रोख या चौथ्या माणसाकडे आहे.

या खेळांचा जन्म कसा झाला ते थोडक्यात पाहू. दुसऱ्या महायुद्धात पाठीचा कणा मोडलेले सैनिक इंग्लंडातील स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात होते. त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर लुडविग गुटमन हे नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून आलेले. २९ जुलै १९४८ रोजी, ज्या दिवशी लंडनच्या ऑलिंपिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या आवारात चाकाच्या खुर्चीतील १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. गुटमन यांचा हेतू पदके वाटण्याचा नव्हता. अंथरुणात पडून मरणाची वाट पाहणारा माणूस उठावा, दंडात बळ यावे आणि त्याने कामधंद्याला लागून कर भरणारा नागरिक व्हावे, हा त्यांचा हिशेब होता. १९६० साली रोमला २३ देशांतले सुमारे ४०० खेळाडू जमले, आणि पुढे याच परंपरेला पॅरालिंपिक हे नाव पडले.

यजमान शहरांनी या पाहुण्यांना नेहमीच पायघड्या घातल्या असे मात्र नाही. १९७२ चे ऑलिंपिक म्युनिकला झाले; पण तेथले क्रीडाग्राम लगोलग खाजगी सदनिका करण्यासाठी द्यावयाचे असल्याने अपंगांचे खेळ हायडेलबर्गला न्यावे लागले. १९८० साली मॉस्कोने ते भरविले नाहीत. नेदरलँडमधील आर्नेमने भरविले. १९८८ साली सोलपासून दोन्ही खेळ एकाच शहरात, एकाच मैदानांवर होऊ लागले. म्हणजे पाहुणा ओसरीवरून माजघरात यायलाच चाळीस वर्षे लागली.

हायडेलबर्गचे नाव पुण्याने विसरता कामा नये. तेथेच १९७२ साली मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत, जागतिक विक्रमासह जिंकली. भारताचे पॅरालिंपिकमधले ते पहिले सुवर्णपदक. पेटकर मूळचे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे, सैन्याच्या ई.एम.ई. दलातले जवान, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. पुढे ते पुण्यात टेल्कोच्या कारखान्यात नोकरीला होते. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. मध्ये ४६ वर्षे गेली. २०२४ साली त्यांच्यावर चित्रपट निघाला तेव्हा घरोघरी नाव झाले. आम्हांला या हकिकतीत सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची कारखान्यातली नोकरी. पदक कपाटात राहते. चूल पगारावर पेटते.

या कामात आपले शहर नवखे नाही. जखमी सैनिकांना धंदेशिक्षण देण्यासाठी १९१७ साली सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट खडकीत आहे. सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून पुण्यात आहे. खडकीचेच पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ चे. १९८३ पासूनच्या पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनमध्ये चाकाच्या खुर्चीची शर्यतही होत आली आहे. राज्याच्या अपंग कल्याण आयुक्तांची कचेरी याच शहरात आहे. आणि १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी बांधलेले बालेवाडीचे क्रीडासंकुल आहेच. अपंगांच्या स्पर्धेचा यजमान होण्यास याहून योग्य गाव महाराष्ट्रात शोधून सापडायचे नाही.

तशी संधी आलीही. मार्च २०२३ मध्ये अपंगांच्या मैदानी खेळांची राष्ट्रीय स्पर्धा बालेवाडीला झाली. आम्ही एक दिवस पाहावयास गेलो. आमच्याबरोबर आमच्या संघटनेतला एक जुना सभासद होता. भोसरीच्या एका लहान कारखान्यात प्रेसवर काम करताना त्याच्या उजव्या हाताची चार बोटे गेली होती. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याला एक परिशिष्ट होते. त्यात माणसाच्या अवयवांचा दर लिहिलेला असे. अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के. त्या दराने त्याला पैसे मिळाले; आणि पैशाबरोबर दारही दाखविण्यात आले. तेव्हापासून तो एका सोसायटीत रखवालदार आहे.

मैदानावर गोळाफेक चालली होती. प्रेक्षागारात खेळाडूंचे आईबाप, प्रशिक्षक आणि सोबती हेच जास्त दिसत होते. पेठांतला पुणेकर तुरळक. एका हाताचे खेळाडू पाहून आम्ही सहज म्हणालो, "अरे, तूही उतरायचास की." तो हसला. त्याने ती चौकशी आधीच केलेली होती. म्हणाला, "दादा, त्यांच्यात बसत नाही मी. हात मनगटापासून तरी गेलेला लागतो म्हणे." मग थोड्या वेळाने म्हणाला, "टाळ्या चांगल्याच आहेत. पण मला तपासणीच्या टेबलावर घेतलं असतं ना, तर बरं झालं असतं. गेज लावायला डावा हात पुरतो."

भगिनींनो आणि बंधूंनो, या माणसाची अवस्था पाहा. खेळाच्या नियमांप्रमाणे तो पुरेसा अपंग नाही, आणि मालकाच्या हिशेबाने पुरेसा धडधाकट नाही. क्रीडासंस्थेला दोष देण्यात अर्थ नाही. स्पर्धा म्हटली की वर्गवारी आली, आणि कुठेतरी रेघ ओढावीच लागते. प्रश्न आपल्या शहराचा आहे. ज्याला पदक मिळते तो वीर, आणि ज्याला मिळत नाही तो बिचारा, अशा दोनच खुर्च्या आपण मांडून ठेवल्या आहेत. सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यातील सचिन खिलारी यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये पॅरिसला १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक आणले, तेव्हा आमचाही ऊर भरून आला. परंतु लाखांतला एक पॅरिसला जातो. उरलेल्यांना रोज बस धरून कामावर जावयाचे असते. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले. महाराष्ट्रात त्यांची संख्या २९ लाखांच्या वर होती. आमचा रखवालदार यांच्यातला आहे.

आता परगावच्या यजमानांचे अनुभव पाहू. १९६४ साली ऑलिंपिकपाठोपाठ टोकियोत अपंगांचे खेळ झाले. जपानचे बहुतेक अपंग खेळाडू रुग्णालयांतून आणि आश्रमांतून आणलेले होते. परदेशी खेळाडू मात्र संध्याकाळी बाजारात हिंडत, हसत, आणि विचारले तर सांगत, मी कारकून आहे, मी कारागीर आहे. हा फरक युताका नाकामुरा या शल्यविशारदाला झोंबला. ते गुटमन यांच्या हाताखाली शिकून आलेले, आणि त्या खेळांच्या संघटनेतलेही. दुसऱ्याच वर्षी, १९६५ साली, त्यांनी बेप्पू या गावी 'सूर्याचे घर' अशा अर्थाच्या नावाची संस्था काढली. दानधर्म नको, संधी द्या, हे तिचे सूत्र. १९७२ साली ऑम्रॉन या कंपनीने तिच्याबरोबर भागीदारीत कारखाना काढला. पुढे सोनी आणि होंडा आल्या. आवारात बँकेची शाखा निघाली, वाणसामानाचे दुकान निघाले. १९७६ पासून जपानात ठराविक प्रमाणात अपंग कामगार ठेवणे कायद्याने बंधनकारक झाले, आणि मोठ्या कंपन्यांनी ते प्रमाण न पाळल्यास रक्कम भरावी लागू लागली. त्याच ओईता प्रांतात १९८१ पासून चाकाच्या खुर्चीची मॅरेथॉन दरसाल होत आली आहे.

बेप्पूच्या रहिवाशांची दृष्टी कशी बदलली असेल, याचा तर्क करणे कठीण नाही. वर्षातून एकदा टाळ्या वाजविण्याने नव्हे. जो माणूस शर्यतीत दिसतो तोच सोमवारी दुकानात पैसे मोजून घेताना दिसतो, तेव्हा त्याच्याकडे टक लावून पाहण्याचे कारणच उरत नाही. सवय झाली की कणव गळून पडते आणि साधा शेजार उरतो. आमच्या मते यजमान शहराला या स्पर्धांपासून होणारा मोठ्यात मोठा लाभ हाच.

याच्या उलट उदाहरण लंडनचे. २०१२ च्या तेथल्या पॅरालिंपिकची सुमारे २७ लाख तिकिटे खपली. तोवरचा तो उच्चांक होता. मैदाने भरली, घरोघरी खेळाडूंची नावे झाली. नंतर लोकांना विचारले तेव्हा तिघांतला एक म्हणाला, अपंगांकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली. आयोजक संतुष्ट झाले. पण वर्षभराने स्कोप नावाच्या संस्थेने खुद्द अपंगांना विचारले. तेव्हा शंभरांतले ८१ जण म्हणाले, आमच्याशी वागण्यात काही सुधारणा झालेली आम्हांला दिसत नाही. शहर तेच, स्पर्धा तीच. प्रश्न कुणाला विचारला एवढाच फरक.

असे का झाले? त्याच वर्षी काय चालले होते ते पाहावे. रेम्प्लॉय या नावाचे अपंगांचे सरकारी कारखाने तेथे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपासून होते. सरकारने त्यांतले निम्म्याहून अधिक बंद करण्याचा बेत २०१२ साली जाहीर केला. तेथल्या अपंग कामगारांनी २६ जुलै २०१२ रोजी, ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, संप केला. जगाचे कॅमेरे त्या शहरात होते; ते कारखान्याच्या फाटकाकडे फारसे वळले नाहीत. सरकारची बाजूही सांगितली पाहिजे: वेगळ्या कारखान्यांत कोंडण्यापेक्षा तोच पैसा अपंगांना चारचौघांच्या कचेऱ्या-कारखान्यांत काम मिळवून देण्यावर खर्चावा, असे त्यांचे म्हणणे होते, आणि कित्येक अपंगांनाही ते पटत होते. तत्त्व चांगले आहे. पण नवे दार उघडण्याआधी जुने बंद झाले तर मधल्या काळात माणूस कुठे उभा राहतो? अपंगांची कामाची क्षमता तपासून भत्ते ठरविण्यासाठी चाचण्या घेणारी कंपनीच त्या खेळांची एक आश्रयदाती होती. तिच्या दारावर निदर्शने झाली. ज्याच्या स्तुतीचे फलक लावायचे त्याच्याच भत्त्याला कात्री लावायची, असा तो देखावा होता.

आपल्या देशात तरी काय झाले? मार्च २०१५ मध्ये गाझियाबादला अपंगांची राष्ट्रीय स्पर्धा भरली. खेळाडूंना अर्धवट बांधलेल्या इमारतीत उतरविले, स्वच्छतागृहांची दैना. बोभाटा झाला, आणि आंतरराष्ट्रीय समितीने भारतीय समितीला निलंबित केले. दहा वर्षांनी, २७ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर २०२५ या दिवसांत, दिल्लीला अपंगांची जागतिक मैदानी स्पर्धा झाली. शंभराहून अधिक देशांचे खेळाडू आले. नवी धावपट्टी घातली. भारताने ६ सुवर्णपदकांसह २२ पदके मिळविली. प्रगती निर्विवाद आहे. पण वर्तमानपत्रांतली चर्चा पाहिली तर एकीकडे पदकांची मोजदाद आणि दुसरीकडे मैदानात शिरलेल्या भटक्या कुत्र्यांनी दोघा परदेशी प्रशिक्षकांना घेतलेला चावा. अब्रू गेली की राहिली, यावरच सारा खल. स्पर्धा नसताना दिल्लीचा अपंग त्याच मैदानापर्यंत कसा जातो, हा प्रश्न मागेच पडला.

कुणी म्हणेल, महापालिकेजवळ पैसा कुठे आहे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. पुण्याच्या पदपथांवर दुचाक्या चढतात म्हणून ठिकठिकाणी लोखंडी खुंट रोवलेले आहेत. चाकाच्या खुर्चीला किमान ९० सेंटिमीटर मोकळी वाट लागते. खुंटांमधले अंतर त्याहून कमी ठेवले की दुचाकी अडते तशी खुर्चीही अडते. आणि दुचाकी निदान रस्त्यावरून तरी जाऊ शकते. खुंट रोवण्याचा पैसा होताच. तो रोवताना मोजपट्टी लावायला वेगळा पैसा लागत नाही. उताराचेही तेच. एक फूट चढण्यास बारा फूट लांबीचा उतार हवा, हा जगभर चालणारा नियम आहे. दुकानापुढे तीन फुटांत फरशी तिरपी टाकून 'सोय केली' म्हणणे म्हणजे खुर्चीसाठी घसरगुंडी करणे. आणि नीट उतार केला की त्यावरून बाळाची गाडी जाते, गुडघे दुखणारी आजी जाते, हातगाडीवाला जातो. हा खर्च एका वर्गावरचा म्हणता येत नाही.

शिवाय ही मेहेरबानीची बाब राहिलेली नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारती नियम झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करावयाच्या होत्या. नियम २०१७ साली झाले. म्हणजे मुदत २०२२ सालीच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या खटल्यात सांगितले की, सुगमतेचे नियम केवळ शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. रोजगाराचे मात्र अर्धवट आहे. या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखल्या, आणि नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्यास काढता येणार नाही असेही सांगितले. खाजगी मालकासाठी मात्र सक्ती नाही. ५ टक्के अपंग ठेवण्यास त्याला सवलतींनी उत्तेजन द्यावे, एवढेच. म्हणजे सरकारी कचेरीत बोटे गेली तर नोकरी राहते, आणि भोसरीच्या प्रेसवर गेली तर जाते. बोटे मात्र दोघांची सारखीच!

तेव्हा पुण्यात पुन्हा अशी स्पर्धा भरेल, आणि ती भरावी अशीच आमची इच्छा आहे, तेव्हा नागरिक म्हणून आपण तीन गोष्टी मागाव्यात. पहिली: स्पर्धेआधी शहरातल्या अपंगांना विचारावे, आणि स्पर्धा संपून वर्ष झाल्यावर तेच प्रश्न त्यांनाच पुन्हा विचारून दोन्ही उत्तरे छापावीत. दुसरी: पाहुण्यांसाठी भाड्याच्या खास गाड्या आणून भागवू नये, स्वारगेटहून आणि शिवाजीनगरहून बालेवाडीला जाणारी नेहमीची बस, तिचे थांबे आणि थांब्यापासून मैदानापर्यंतची वाट खुर्चीला चालेल अशी करावी, म्हणजे पाहुणे गेल्यावरही ती राहील. तिसरी: ज्या कंपन्यांचे फलक मैदानावर लागतील त्यांनी आपल्याकडे अपंग कामगार किती, आणि आपल्याच यंत्रावर जायबंदी झालेल्यांपैकी किती जणांना दुसऱ्या कामावर परत घेतले, हे आकडे जाहीर करावेत. हा तिसरा मुद्दा पगारवाढीच्या शेजारी कामगारांच्या मागणीपत्रकातही यावा, यासाठी आम्ही आमच्या संघटनेत खटपट करीत आहोत.

आपण मैदानावर जावे, मनसोक्त टाळ्या वाजवाव्यात, मुलांनाही न्यावे. जाताना एवढेच करावे की, आपल्या घरापासून त्या मैदानापर्यंतच्या वाटेवर खुर्ची कुठेकुठे अडेल ती ठिकाणे मोजावीत, आणि ती यादी दुसऱ्या दिवशी आपल्या नगरसेवकाच्या हाती द्यावी. एकाने दिली तर ती फडताळात जाईल. या सभागृहातील निम्म्यांनी दिली तर तिला उत्तर द्यावेच लागेल. आम्ही आयुष्यभर कामगारांना हेच सांगत आलो, आणि आज आपल्यालाही तेच सांगतो.